फोर्डची चासी, विलीसचे इंजिन : नाशिकच्या अंगणात दुसऱ्या महायुद्धातली जीप पुन्हा उभी करताना

गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. माझ्या आजोळी, निफाड तालुक्यातल्या मळ्यात, कांद्याच्या चाळीच्या टोकाला एक जुनी जीप कित्येक वर्षे उभी होती. आजोबांनी ती १९६० च्या दशकात लष्कराच्या लिलावातून आलेल्या एका माणसाकडून घेतली होती. पुढे द्राक्षाची बाग आली, ट्रॅक्टर आला आणि जीप बाजूला पडली. दीड वर्षापूर्वी मामांनी ती मला दिली, तेव्हा चारही टायर मातीत रुतलेले होते आणि चालकाच्या आसनाखाली उंदरांचे घरटे होते. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड बांधून मी तिच्यावर सुट्टीच्या दिवशी काम करतो आहे. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, पण सातपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात बावीस वर्षे काढली असल्यामुळे हातात पाना धरायची सवय आहे.

या धाग्यात मला दोन गोष्टी करायच्या आहेत. आतापर्यंत काय सापडले आणि काय केले ते नोंदवायचे आहे, आणि एका प्रश्नावर जाणकारांचे मत घ्यायचे आहे.

सुरुवातीला घरातले सगळेच तिला ‘विलीस’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत या पाव टनी गाडीचे उत्पादन विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी केले. विलीसच्या गाडीला एमबी आणि फोर्डच्या गाडीला जीपीडब्ल्यू असे नाव होते, आणि दोन्ही मिळून सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या १९४१ ते १९४५ या काळात तयार झाल्या. सुटे भाग एकमेकींना बसावेत अशीच अट असल्याने दोन्ही दिसायला जवळपास सारख्या आहेत. मीही ती विलीसच समजून चाललो होतो. मग एका रविवारी पुढच्या मडगार्डाचा एक बोल्ट डिझेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासत असताना त्याच्या डोक्यावर एक अक्षर उमटले. इंग्रजी ‘एफ’. आधी वाटले ओरखडा असेल. शेजारचा बोल्ट घासला, त्यावरही तेच. फोर्ड आपल्या बहुतेक भागांवर, अगदी बोल्टवरसुद्धा, हे अक्षर उमटवत असे.

त्यानंतर मी जमिनीवर आडवा होऊन रेडिएटरच्या खालचा आडवा दांडा पाहिला. विलीसच्या चासीत (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यात) तो गोल नळीचा असतो आणि फोर्डच्या चासीत उलट्या ‘यू’ आकाराचा चॅनल असतो. माझ्याकडे चॅनल निघाला. चासीच्या डाव्या पट्टीच्या वरच्या बाजूला ग्रीस आणि मातीचा जो बोटभर थर होता, तो लाकडी पट्टीने खरवडल्यावर ‘जीपीडब्ल्यू’ आणि पुढे आकडे सापडले. चासी फोर्डची, याबद्दल आता शंका नाही.

इंजिन मात्र फोर्डचे नाही. ब्लॉकच्या उजव्या बाजूच्या उंचवट्यावर ‘एमबी’ने सुरू होणारा क्रमांक आहे, म्हणजे ते विलीसचे. आणि मला खरी महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की आजोबांच्या लोखंडी पेटीत मिळालेल्या जुन्या नोंदणीपुस्तकात हेच दोन क्रमांक, म्हणजे हीच फोर्डची चासी आणि हेच विलीसचे इंजिन, नोंदलेले आहेत. याचा अर्थ गाडी नागरी हातात आली तेव्हाच ती अशी मिश्र होती.

प्रश्न असा आहे. परिचयातल्या दोन जणांनी सांगितले की फोर्डचे इंजिन शोधून बसवा, डॅशबोर्डवरच्या हरवलेल्या तीन पाट्या नव्या विकत घ्या, म्हणजे गाडी ‘पूर्ण अस्सल’ होईल. माझे मन तसे करायला तयार नाही. आपले काय मत आहे?

जुना पाना

अभिनंदन. आधी दोन शब्द पाट्यांबद्दल. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर गाडीचे नाव व क्रमांक, वेगमर्यादा, आणि गिअरच्या दांड्यांची आकृती, अशा तीन पाट्या रिव्हेटने जडवलेल्या असत. आज त्यांच्या नकला सहज मिळतात आणि त्यावर सुपूर्ततेची तारीख आपल्याला हवी ती ठोकून मिळते. आपल्या चासीचा क्रमांक हाताशी असताना महिन्याचा अंदाज बांधता येईल, पण अंदाज पाटीवर ठोकला की तो पुढच्या मालकासाठी पुरावा होऊन बसतो. गिअरची आकृती आणि वेगमर्यादेची पाटी जरूर लावा, कारण त्या सर्व गाड्यांवर जवळपास सारख्याच होत्या. तारखेची पाटी लावू नका. रिव्हेटची चार भोके तशीच राहू द्या.

इंजिनाबाबत, दोन्ही कंपन्यांनी बनवलेले इंजिन एकाच आराखड्याचे आहे. चार सिलिंडर, १३४ घन इंच म्हणजे सुमारे २,२०० सीसी, ६० अश्वशक्ती. ते बदलून चालण्यात तसूभरही फरक पडणार नाही, फक्त चांगले इंजिन गाडीपासून तुटेल.

देवळाली कॅम्प

मी सैन्याच्या ईएमई कोअरमधून, म्हणजे गाड्या व यंत्रांची दुरुस्ती पाहणाऱ्या शाखेतून, निवृत्त झालो. या जीप माझ्या भरतीच्या आधीच सेवेतून गेलेल्या होत्या, तरी दुरुस्तीची पद्धत मी जवळून पाहिलेली आहे, म्हणून लिहितो.

मोठ्या वर्कशॉपमध्ये दहा गाड्या एकाच वेळी उघडल्या की प्रत्येक गाडीचे इंजिन त्याच गाडीत परत जाईल, असे कोणी पाहत नसे. इंजिन उतरले की इंजिनांच्या विभागात गेले, चासी चासीच्या विभागात गेली, आणि जे तयार होऊन आले ते समोरच्या गाडीत बसले. गाडी लवकर रस्त्यावर जाणे महत्त्वाचे होते. त्यामुळे आपल्या नोंदणीपुस्तकातली मिश्र जोडी ही चूक किंवा भेसळ नसून त्या गाडीने सैन्यात काढलेल्या वर्षांची खूण असण्याची शक्यता फार मोठी आहे. गोदाकाठ साहेब, आपण ती पुसली तर गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवसासारखी दिसेल, आणि त्यानंतरचे सगळे गेलेले असेल. मी आपल्या जागी असतो तर इंजिन बदलले नसते.

एक विनंती आहे. चासीचे रंग सरसकट खरडू नका. डॅशबोर्डच्या मागे किंवा मडगार्डाच्या आतल्या बाजूला हाताच्या पंजाएवढी जागा घेऊन, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकेक थर हलक्या हाताने घासा. खालपर्यंत गेल्यावर झाडाच्या खोडावर दिसतात तशी वर्तुळे दिसतील. त्याचे चांगल्या उजेडात छायाचित्र घ्या आणि त्या जागेवर पारदर्शक लॅकर मारून ती कायम ठेवा.

अंबडचा लेथ

इंजिन फिरते आहे की जाम आहे? जाम असेल तर हँडलला पाइप लावून जोर करू नका, ही हात जोडून विनंती. हे साइड व्हॉल्व्हचे इंजिन आहे, त्यामुळे हेड म्हणजे केवळ एक झाकण आहे, त्यात व्हॉल्व्ह नाहीत. ते काढले की पिस्टन आणि त्यांच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसलेले आठही व्हॉल्व्ह वरून दिसतात. बहुतेक वेळा पिस्टन मोकळे असतात आणि गंजलेला व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असतो. हेडचे स्टड, म्हणजे ब्लॉकमध्ये रोवलेले बोल्ट, आधी गरम करून, गार होऊ देऊन, पुन्हा तेल सोडून काढावेत, कारण ब्लॉकमध्ये तुटलेला स्टड काढण्यात अख्खा दिवस जातो.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजल्याशिवाय बोअरिंगला (तो कातून मोठा करायला) देऊ नका. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजा. झीज थोडी असेल तर होनिंग (आतून हलकी घासाई) आणि नव्या रिंगा पुरतात, आणि ब्लॉकमध्ये पुढच्या पिढीसाठी लोखंड शिल्लक राहते. मूळ बोअर सव्वातीन इंचांपेक्षा पाव सूत कमी, म्हणजे ३ पूर्णांक १/८ इंच आहे. काम आणलेत तर मी मोजून देईन.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. लेथवाले दादा, एक छोटी दुरुस्ती सुचवतो : सव्वातीन आणि ३ पूर्णांक १/८ यांत एक अष्टमांश इंचाचे, म्हणजे एका सुताचे अंतर आहे.

देवळाली कॅम्प साहेबांचे म्हणणे मला पटले आणि मी इंजिन ठेवायचे ठरवले आहे. हेड काढले. दोन स्टड तुटले, बाकीचे निघाले. तीन सिलिंडर स्वच्छ होते, चौथ्यात पाणी साठून गंजाची कडी धरली होती आणि त्याच सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकला होता. डिझेल आणि गिअरबॉक्सचे पातळ तेल मिसळून आठ दिवस भिजत ठेवले, रोज लाकडी ठोकळ्यावर हलकी टपली मारली, आणि नवव्या दिवशी फ्लायव्हील बोटभर सरकले. मागे-पुढे, मागे-पुढे करत ते पूर्ण फिरायला आणखी एक आठवडा लागला.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती इतरांसाठी लिहितो. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचे नट निघेनात म्हणून मी पान्याला चार फुटी पाइप लावला आणि सर्व वजन टाकले. स्टड मुळातून तुटला. दुसराही तुटला. तिसऱ्या नटावर थांबून कंदील जवळ नेला, तेव्हा लक्षात आले की मी नट सैल करत नव्हतो, आवळत होतो. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. अमेरिकी सैन्याच्या टीएम ९-८०३ या पुस्तिकेत हे लिहिलेले आहे आणि ती पुस्तिका माझ्या मोबाइलमध्ये होती. आधी वाचायला हवी होती.

गंजासाठी दोन पद्धती वापरल्या. छोट्या भागांना काकवीचा हौद केला : एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, आणि दोन ते तीन आठवडे. वास अतिशय वाईट येतो, पण गंज विरघळतो आणि खालचे चांगले लोखंड जसेच्या तसे राहते. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात टाकू नयेत. मोठ्या भागांना धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बॅटरी चार्जर लावला, भागाला ऋण टोक आणि टाकाऊ लोखंडी पत्र्याला धन टोक. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, पाण्यात क्रोमियमचे विषारी संयुग उतरते. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावे.

द्राक्षबाग

मी कारखान्यांतल्या कामगारांच्या आरोग्याचे काम पाहते, आणि वरचे वाचून मला काळजी वाटली म्हणून लिहिते. त्या काळातल्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि अनेक गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस असे. ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली काळी-करडी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. कृपया ते करू नका. पाण्याने भिजवा, ओल्या कापडाने पुसा, ते कापड पिशवीत बंद करा. जुन्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता आहे, त्यामुळे कोरडे ग्राइंडिंग टाळा आणि घरात लहान मुले असतील तर कामाचे कपडे शेडमध्येच बदला. शिशाचा त्रास मुलांना मोठ्यांपेक्षा फार लवकर होतो.

जुना पाना

द्राक्षबाग ताईंनी फार मोलाचे लिहिले. त्याला जोडून चाकांबद्दल एक इशारा. युद्धकाळातल्या अनेक जीपना दोन अर्धे भाग बोल्टने जोडलेली रिम असते. चाक गाडीला धरून ठेवणारे पाच नट वेगळे आणि दोन अर्धे भाग धरून ठेवणारे आठ नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना हे आठ नट सैल केले तर रिमचा अर्धा भाग गोळीसारखा उडतो. पंक्चर काढणाऱ्या मुलाला ही रिम माहीत नसते. आधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडायची, मगच पाना लावायचा. चाक कुणाकडे दिलेत तर स्वतः शेजारी उभे राहा.

पेठरोड

रंगाचा विषय अजून कुणी काढलेला नाही, तो महत्त्वाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना देता येतो. गाडी मुळात लष्करी होती, मूळ थर त्याच रंगाचा निघाला, तरी आज ती नागरी वाहन आहे. वर टोक असलेल्या बाणाने सुरू होणारा लष्करी क्रमांकही लावता येत नाही. अनेक हौशी लोक दोन्ही करतात आणि मग रस्त्यात अडवले गेले की वाईट वाटून घेतात.

दुसरे, नोंदणी. २०२१ साली याच नियमांत दुरुस्ती होऊन ‘व्हिंटेज’ वाहनांची वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात बसतात. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येते.

आपल्याकडे कित्येक जीपमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले गेले. त्या काळातल्या शेतकऱ्याला पेट्रोल परवडत नव्हते, त्याला दोष देता येणार नाही. पण आपल्या गाडीत नोंदणीपुस्तकातलेच इंजिन आजही आहे, ही अर्ज करताना फार जमेची बाजू आहे. ते पुस्तक लॅमिनेट करू नका, कोरड्या जागी सपाट ठेवा.

गोदाकाठ

पेठरोड साहेब, नियम १२१ मला माहीत नव्हता आणि मी ऑलिव्ह ग्रीन रंगाचे दोन डबे आणून ठेवले होते. ते परत केले.

देवळाली कॅम्प साहेबांनी सांगितल्याप्रमाणे डाव्या मडगार्डाच्या आत पंजाएवढी खिडकी घासली. सर्वांत वर मामांनी मारलेला ट्रॅक्टरचा लाल, त्याखाली पांढरट, त्याखाली दोन वेगवेगळ्या छटांचे हिरवे, आणि अगदी तळाला वीटकरी प्राइमर. दोन हिरवे पाहून माझा हात थांबला. एक बहुधा कारखान्यातला आणि दुसरा नंतरच्या वर्कशॉपमधला. ही खिडकी लॅकरखाली कायम ठेवली आहे आणि बाहेरून मातकट खाकी, चमक नसलेला रंग द्यायचे ठरवले आहे. लष्करी असल्याचा आव आणणारे काही लावणार नाही. जो कोणी विचारेल त्याला मडगार्डाखाली वाकायला सांगेन.

आता इंजिनाची बातमी. अंबडच्या दादांनी बोअर मोजून दिले, होनिंग पुरले. चौथ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि त्याचा गाइड बदलला. पेट्रोल पंपाचा पडदा आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकेल अशा रबराचा टाकला, जुना कापडी पडदा हातातच चुरला होता. टाकी चालकाच्या आसनाखाली तळाच्या पत्र्यातल्या खोलगट भागात बसते आणि त्या भागाची पाणी जाण्याची भोके चिखलाने बुजलेली होती. टाकी खालून चाळणी झाली होती ती त्यामुळे. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी ही भोके आजच तपासावीत. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते.

विजेची यंत्रणा मूळची सहा व्होल्टची आहे आणि तशीच ठेवली. पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा इंजिन जेमतेम अर्धा फेरा फिरून थांबले. बॅटरी चांगली होती. दोष माझ्या वायरींचा होता : मी बारा व्होल्टच्या गाडीच्या जाडीच्या वायरी वापरल्या होत्या, आणि तेवढीच शक्ती मिळवायला सहा व्होल्टला दुप्पट प्रवाह लागतो. जाड केबल टाकली, बॅटरीपासून चासीपर्यंत आणि इंजिनापासून चासीपर्यंत अर्थिंगच्या जागा चकचकीत घासल्या.

गेल्या रविवारी सकाळी मामा निफाडहून मुद्दाम आले होते. पहिल्या तीन प्रयत्नांत फक्त कार्बोरेटरमधून फुसकारा आला. डिस्ट्रिब्युटरच्या वायरींचा क्रम १-३-४-२ पुन्हा तपासला, तेव्हा ३ आणि ४ उलट लागलेल्या निघाल्या. बदलल्या. चौथ्या वेळी ते सुरू झाले, आणि ऑइल प्रेशरचा काटा वर गेल्याचे पाहीपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. मामा बराच वेळ बोनटवर हात ठेवून उभे होते. शेवटी म्हणाले, “बापूंनी हिच्यात आईला सिव्हिलला नेलं होतं, तुझ्या मावशीच्या वेळी.” ही गोष्ट मला माहीत नव्हती.

मागच्या मेन बेअरिंगपाशी तेल झिरपते आहे. ब्रेक अजून बाकी आहेत, मास्टर सिलिंडर येईपर्यंत गाडी शेडबाहेर जाणार नाही.

आता एकच भाग कुठेही मिळत नाही. या जीपच्या हेडलाइटच्या मागचा पाकळी नट सैल केला की अख्खा दिवा मागे वळतो आणि रात्री इंजिनावर उजेड पडतो. माझ्याकडे उजवा नट आहे, डावा नाही. कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात दोनदा शोधून आलो.

निफाडकर

आमच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये अशा जीप येत असत. काल त्यांचा पितळी झाकणाचा डबा उपसला. त्यात दोन पाकळी नट आहेत, एकाची पाकळी थोडी वाकलेली आहे. आट्यांची खात्री करायची असल्यास आपला उजवा नट घेऊन या. नवीन करून घेऊ नका, तोपर्यंत मी दोन्ही बाजूला काढून ठेवतो.

गोदाकाठ

शनिवारी येतो. वाकलेला चालेल, चांगला आपण आपल्याकडे ठेवा.